गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणी आजारी होते का?

संख्याशास्त्राची पदवी हातात पडल्यावर मला पहिले काम मिळाले ते आरोग्यविषयक घरोघर सर्वेक्षणाचे. चार महिन्यांपैकी निम्मा काळ मी बालाघाटच्या डोंगररांगांतील वाड्या-तांड्यांवर होते आणि उरलेला निम्मा एका महानगरातील झोपडवस्त्यांमध्ये. दोन्हीकडे फॉर्म एकच, प्रश्न तेच आणि त्यांचा क्रमही तोच होता. गाव आणि शहर यांच्या आरोग्यातील फरक मोजायचा तर मोजपट्टी दोन्हीकडे सारखी असली पाहिजे, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला आमच्या मनावर बिंबवण्यात आले होते, आणि त्यात शंका घेण्यासारखे काही आहे असे मला तेव्हा वाटले नव्हते.

प्रशिक्षणाचा मुख्य नियम असा की, प्रश्न छापला आहे तसाच वाचायचा. शब्द बदलायचे नाहीत, उदाहरण द्यायचे नाही, उत्तर सुचवायचे नाही. समोरच्या माणसाला प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा तसाच वाचायचा. यामागचे कारण रास्त होते. पन्नास सर्वेक्षकांनी एकच प्रश्न पन्नास तऱ्हांनी विचारला, तर उत्तरांत दिसणारा फरक लोकांमधला आहे की विचारणाऱ्यांमधला, हे कोणालाच सांगता येणार नाही. किरकोळ आजार माणूस लवकर विसरतो म्हणून त्यांच्यासाठी मागच्या पंधरा दिवसांची मुदत होती, आणि रुग्णालयात दाखल होणे सहसा विसरले जात नाही म्हणून त्यासाठी मागच्या ३६५ दिवसांची. अशा सर्वेक्षणांत बहुतेक हीच पद्धत असते.

‘ग्रामीण’ आणि ‘शहरी’ म्हणजे काय, यावर मात्र अर्धा दिवस गेला. नगरपालिका, महानगरपालिका किंवा छावणी क्षेत्र असेल ते शहर, हे सोपे होते. पण जिथे ग्रामपंचायतच आहे, मात्र लोकसंख्या किमान ५,०००, मुख्यत्वे काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आहे, त्या गावालाही जनगणना शहर मानते. २००१ मध्ये अशी १,३६२ ‘जनगणना शहरे’ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. कागदावर शहर झालेल्या या गावांचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो, हे ऐकून आमच्यातल्या एकाने विचारले, “मग तिथला माणूस आजारी पडला तर तो गावात आजारी पडतो की शहरात?” सगळे हसले आणि प्रशिक्षक पुढच्या पानाकडे वळले.

पहिल्या वाडीत आमच्या वाट्याला वीस घरे आली. पहिल्याच घरात ओट्यावर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या आणि मी बसल्यापासून त्यांचा खोकला थांबला नव्हता. मी प्रश्न वाचला, “गेल्या पंधरा दिवसांत घरातील कोणाला काही आजार, दुखापत किंवा प्रकृतीची तक्रार होती का?” आजी म्हणाल्या, “न्हाई बाई. आमच्यात कोन आजारी न्हाई, समदे कामाला गेलेत की.” मी नियमाप्रमाणे प्रश्न पुन्हा वाचला आणि उत्तर पुन्हा तेच आले. त्याआधी मी त्यांना माझे ओळखपत्र दाखवले होते, तेव्हा ते त्यांनी बोटांनी चाचपून उलटे परत केले होते. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची पांढुरकी साय स्पष्ट दिसत होती. फॉर्म संपल्यावर, म्हणजे नियमांच्या कक्षेबाहेर आल्यावर, मी डोळ्यांबद्दल विचारले. “डोळ्याचं काय? वय झालं,” एवढेच त्या म्हणाल्या. तक्रारीच्या रकान्यात मी ‘नाही’ची खूण केली होती, ती तशीच राहिली.

पुढच्या घरांमधून हिंडताना माझ्या हळूहळू लक्षात आले की, त्या वाडीत आजारी असणे म्हणजे काम सुटणे. जो माणूस रानात जाऊ शकतो तो आजारी नाही, मग त्याच्या अंगात कणकण असो, पाय भरून येत असोत किंवा चढ चढताना त्याचा जीव घाबराघुबरा होत असो. या साऱ्यासाठी त्यांच्याकडे उत्तम शब्द होते, मी ते रोज ऐकत होते. पण ‘आजार’ हा शब्द त्यांनी वेगळा ठेवला होता. आजाराला नाव लागते, नाव डॉक्टर देतो आणि डॉक्टर तालुक्याला असतो. वीस घरांत मला तीन आजार नोंदवता आले, आणि त्यांतले दोन मोडलेल्या हाडांचे होते, कारण मोडलेले हाड काम करू देत नाही.

दोन महिन्यांनी शहरातील वस्तीत हाच प्रश्न वाचला, तेव्हा समोरच्या ताई म्हणाल्या, “थांबा हां, फाइल काढते.” फाइल म्हणजे खिळ्याला अडकवलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यातून त्यांनी नवऱ्याचे केसपेपर, स्वतःच्या थायरॉइडचे रिपोर्ट, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि गुंडाळून ठेवल्यामुळे सरळ न होणारा एक एक्स-रे काढून माझ्यासमोर पसरला. नवऱ्याला शुगर आणि बीपी, मुलीचे ‘एचबी’ (हिमोग्लोबिन) कमी, मुलाला डेंग्यू होऊन गेलेला. पण तो मागच्या महिन्यात, म्हणून पंधरा दिवसांच्या मुदतीत बसला नाही, याचे त्यांना वाईट वाटले. मुलीचे एचबी नऊ पॉइंट दोन असल्याचे त्यांनी तोंडपाठ सांगितले. तिथल्या वीस घरांचे काम संपायला दुप्पट दिवस लागले आणि माझ्या पानांवर एकोणीस तक्रारी नोंदल्या गेल्या.

त्या रात्री मी दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडले. केवळ माझी पाने कोणी वाचली असती, तर डोंगरातली वाडी ठणठणीत आणि शहरातली वस्ती रोगट, असाच निष्कर्ष त्याने काढला असता. आपले काहीतरी चुकले असावे असे मला वाटले. पण नंतर वाचन केले तेव्हा कळले की, चूक असलीच तर ती माझ्या एकटीची नव्हती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, मागच्या पंधरा दिवसांत आजारी असल्याचे ग्रामीण भागातील ६.८ टक्के लोकांनी सांगितले आणि शहरी भागातील ९.१ टक्के लोकांनी. आता याच्या शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीचे आकडे ठेवावेत. जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालके शहरात २६.६ आणि गावात ३८.४ होती, पाच वर्षांखालील मुलांमध्ये वयाच्या मानाने उंची खुंटलेल्यांचे प्रमाण शहरात ३०.१ टक्के, तर गावात ३७.३ टक्के होते. जिथे मुले अधिक मरतात आणि कमी वाढतात, तिथेच लोक कमी आजारी असल्याचे सांगतात. अमर्त्य सेन यांनी २००२ साली केरळ आणि बिहार यांची तुलना करून हीच विसंगती दाखवली होती: आयुर्मान केरळचे अधिक, आणि तरीही आजारी असल्याचे सांगणारेही केरळातच अधिक.

अर्थात शहराचे सारे आजार केवळ फायलींमधून जन्माला येतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाचव्या फेरीत वजन प्रमाणाबाहेर असलेल्या स्त्रिया शहरात ३३.२ टक्के आढळल्या, गावात १९.७ टक्के. वस्तीतल्या त्या ताईंच्या नवऱ्याची शुगर खरीच होती. माझी तक्रार वेगळी आहे. शहरातल्या आजाराला आपले नाव माहीत होते, गावातल्या आजाराला नव्हते, आणि आमचा फॉर्म फक्त नाव असलेले आजार गोळा करत होता.

हे मला नीट कळले ते मोजमापाच्या टप्प्यात. काही निवडक घरांमध्ये दुसऱ्यांदा जाऊन संमती घेऊन रक्तदाब, वजन, उंची आणि हिमोग्लोबिन मोजायचे होते. हिमोग्लोबिनसाठी बोटाचे टोक पुसून सुई टोचायची, पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा, पुढचा थेंब काचपट्टीसारख्या छोट्या तुकड्यात शोषून घ्यायचा आणि तो हातात मावणाऱ्या यंत्राच्या खणात सरकवायचा. मिनिटभरात आकडा येतो. बोट दाबायचे नाही, कारण दाबल्याने रक्तात पेशींबाहेरचा द्रव मिसळून आकडा खोटा कमी येतो. शेंगा फोडणाऱ्या आजींच्या सुनेचे बोट कामाने इतके घट्ट झाले होते की, पहिल्या टोचणीने रक्तच आले नाही. ती तेव्हा नुकतीच डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढून आली होती आणि उभ्याउभ्याच बोलत होती. यंत्रावर ७.४ हा आकडा आला. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि ८ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष आम्हाला पाठ होते. पहिल्या फेरीत याच घराच्या पानावर मी ‘तक्रार नाही’ अशी नोंद केली होती.

नियमाप्रमाणे मी तिला चिठ्ठी लिहून दिली: हिमोग्लोबिन कमी आहे, जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. तिने चिठ्ठी हातात घेऊन विचारले, “मंजी कुठं जायचं?” या प्रश्नाचे उत्तर मानकांमध्ये अगदी व्यवस्थित दिलेले आहे. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र; ३०,००० किंवा २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र; आणि एक लाख वीस हजार किंवा ऐंशी हजार लोकांमागे तो स्तर, ज्याला आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय म्हणतात. ही मानके माणसे मोजतात. मधला डोंगर आणि एसटीच्या वेळा मोजत नाहीत. तिच्यासाठी उपकेंद्र जवळ होते, पण तिथल्या सिस्टर लसीकरणाला वाड्यांवर गेल्या की दाराला कुलूप असे, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्र चौदा किलोमीटरवर होते. एसटी सकाळी एकदा जाई आणि संध्याकाळी एकदा येई, म्हणजे दहा मिनिटांच्या तपासणीसाठी पूर्ण दिवस आणि पूर्ण मजुरी घालवायची. आणि ७.४ वर काम भागले नसते. रक्त कशामुळे कमी झाले याचा तपास करायला तिला पुढे ग्रामीण रुग्णालयातच पाठवले असते.

फॉर्मच्या शेवटच्या भागात उपचार घेण्यातील अडचणींची प्रश्नमालिका होती: परवानगी मिळणे, पैसे मिळणे, अंतर, वाहन, सोबत, महिला डॉक्टर नसणे, औषधे नसणे. प्रत्येकाला तीनच पर्याय होते, ‘मोठी अडचण’, ‘फारशी मोठी नाही’ आणि ‘अडचण नाही’. अंतराचा प्रश्न मी तिला वाचून दाखवला. ती जरा विचार करून म्हणाली, “जायचंच न्हाई, तर लांब काय नि जवळ काय?” मी प्रश्न पुन्हा वाचला. ती कंटाळून म्हणाली, “न्हाई अडचन. लिव्हा.” मी लिहिले. शेरा लिहायला तळाला चौकोन होता, त्यात तिचे पहिले वाक्य जसेच्या तसे उतरवले; पण तक्ते करताना शेऱ्यांची बेरीज होत नाही, हे संख्याशास्त्र शिकलेल्या मला तरी ठाऊक असायला हवे होते.

शहरातही अंतराच्या प्रश्नाला ‘अडचण नाही’ असेच उत्तर आले, आणि तिथे ते अक्षरशः खरे होते. वस्तीपासून मोठे सरकारी रुग्णालय चालत दहा मिनिटांवर होते. त्याची इमारत गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले की दिसायची. पण केसपेपरची रांग सकाळी लागते आणि सकाळीच त्या ताईंची चार घरची धुणीभांडी असतात. खाडा झाला की पैसे कापले जातात, तीन खाडे झाले की काम जाते. म्हणून त्या संध्याकाळी उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या गल्लीतल्या दवाखान्यात जात आणि महिन्याच्या गोळ्यांऐवजी परवडतील तेवढ्या, दोन-तीन दिवसांच्या गोळ्या घेत. नवऱ्याची शुगर म्हणूनच कधी आटोक्यात येत नव्हती. दाखल होण्याची वेळ आली तर सरकारी रुग्णालयात जाणाऱ्यांचे प्रमाण ७५व्या फेरीत ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरात सुमारे ३५ टक्के आढळले होते. जवळ असण्याचा आणि जाण्याचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये, ग्रामीण अभियानानंतर आठ वर्षांनी सुरू झाले. शहरात रुग्णालये आहेतच, मग निराळे काय करायचे, असा समज त्यामागे असावा, असे मला त्या गल्लीत उभे राहून वाटत असे.

खर्चाचे पान भरायला सर्वांत वेळ लागे. वाडीतला एक माणूस झाडावरून पडून मांडीचे हाड मोडल्यामुळे आधी ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याच्या सिव्हिलला आणि अखेरीस शहरातील खासगी रुग्णालयात गेला होता. त्याचा मुलगा डॉक्टरची फी, औषधे, तपासण्या आणि खाटेचे भाडे असे रकाने पटापट सांगत गेला. मात्र तीन वेळच्या जीपचे भाडे, सोबतच्या दोघांचे राहणे-खाणे आणि बुडालेली मजुरी यांवर येऊन तो अडला, कारण त्यांचा हिशेब कोणी ठेवलाच नव्हता. पैसे कुठून उभे केले, या प्रश्नावर तो म्हणाला, “बचतीतून.” मग बोलता बोलता कळले की म्हैस विकली होती. नियमपुस्तिकेप्रमाणे ही ‘मालमत्तेची विक्री’, असे मी त्याला सांगितले, तेव्हा तो जरा दुखावून म्हणाला, “म्हैस मंजी बचतच की, ताई. आमची बँक तीच.” मी मालमत्तेची विक्री असेच नोंदवले, पण वाद त्याने जिंकला होता असे मला आजही वाटते. एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च ७५व्या फेरीत ग्रामीण रुग्णासाठी १६,६७६ रुपये आणि शहरी रुग्णासाठी २६,४७५ रुपये निघाला होता. हे आकडे वाचून गावातले उपचार स्वस्त आहेत असे वाटते. म्हैस त्यात दिसत नाही. विमा किंवा शासकीय आरोग्य योजनेचे संरक्षण असलेली कुटुंबे कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गावांमध्ये शहरांपेक्षा अधिकच होती, ४२.४ टक्के आणि ३८.१ टक्के; पण या घरात कार्ड भिंतीतल्या कोनाड्यात होते आणि ते कुठे चालते हे सिव्हिलमधून बाहेर पडेपर्यंत त्यांना कोणी सांगितले नव्हते.

याच ३६५ दिवसांच्या प्रश्नाला तिशीतल्या एका बाईने सहज सांगितले, “पिशवी काढली.” ऊसतोडीला जाणारे घर होते ते. पांढरे जात होते, दुखत होते, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून काढून टाकली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला आणि २०१९ मध्ये राज्य शासनाला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली, हे मी वर्तमानपत्रांत वाचले होते. पण माझ्या फॉर्ममध्ये या बाईची नोंद ‘उपचार मिळाले’ या बाजूला गेली. खासगी रुग्णालय, शस्त्रक्रिया, चार दिवस दाखल. आरोग्यसेवा तिच्यापर्यंत पोहोचली होती, असेच ते पान सांगत होते.

आणि काही पाने भरलीच गेली नाहीत. दिवाळीनंतर त्या भागातील वाड्या रिकाम्या होतात आणि पाडव्याच्या आसपास पुन्हा भरतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुले. पुष्कळ दारांना नुसती कुलपे. आम्ही ‘घर बंद’ असे लिहून पुढच्या घरी जात होतो. शहरातल्या वस्तीतही भाड्याच्या खोल्या दिवसा बंद असत, आणि ज्या उघड्या सापडत त्यांतली माणसे म्हणत, “आमचं नाव गावाला आहे, इथलं लिहू नका.” ती गावात गावाबाहेर होती आणि शहरात शहराबाहेर. दोन्हीकडच्या सरासरीत ती नव्हती.

काम संपण्याच्या सुमारास पर्यवेक्षक सरांबरोबर फेरतपासणीसाठी मी त्या पहिल्या वाडीत गेले. सर्वेक्षकाने खोटी माहिती भरलेली नाही ना, हे पाहण्यासाठी काही घरांत मोजके प्रश्न पुन्हा विचारले जातात आणि उत्तरे जुळतात का हे ताडून पाहिले जाते. आजी ओट्यावरच होत्या आणि खोकत होत्या. सून आतून बाहेर आली. मी लिहिलेली चिठ्ठी दारामागे दिनदर्शिकेच्या खिळ्याला टोचून ठेवलेली मला दिसली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. सरांनी टॅबवरचा प्रश्न छापला होता तसाच, एकही शब्द न बदलता वाचला. आजींनी सुनेकडे पाहिले, सुनेने आजींकडे, आणि दोघींनी मान हलवली. “न्हाई,” सून म्हणाली, “कोन आजारी न्हाई.”

सरांनी माझे आधीचे पान उघडून पाहिले. उत्तर जुळले होते. त्यांनी खूण केली आणि आम्ही पुढच्या घराकडे निघालो.